ग्रेट सर्कल मॅपर: दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर मोजणारं साधन, नीट तपासून

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके हे अंतर इंटरनेटवर शोधलं की कुठे १५,३४० किलोमीटर दिसतं, कुठे १५,३४९, तर कुठे १५,३५७. विमान कंपनीच्या पत्रकातला आकडा तर याहून हजाराच्या वर मोठा. यातला कुठलाच आकडा मनाने लिहिलेला नसतो. प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळं मोजलेलं असतं, आणि नेमकं काय मोजलं हे बहुतेक साइट सांगतच नाहीत. ग्रेट सर्कल मॅपर या मोफत संकेतस्थळाचं तसं नाही. (ग्रेट सर्कल म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग.) लांब पल्ल्याच्या मार्गांचा हिशेब करायचा असेल तर आम्ही आधी हेच उघडायला सांगू. फक्त ते काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा आकडा कुठे लिहू नका.

पत्ता जीसीमॅप डॉट कॉम. खातं उघडायची गरज नाही. चौकटीत विमानतळांचे कोड रोमन अक्षरांत टाकायचे, मधे आडवी रेघ: एसआयएन-जेएफके. नकाशा उमटतो आणि त्याच्या खालच्या तक्त्यात दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, निघतानाची दिशा आणि अंतर येतं. विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेचे तीन अक्षरी कोड चालतात, संयुक्त राष्ट्रांच्या इकाओ या विमानवाहतूक संस्थेचे चार अक्षरी कोडही चालतात, आणि विमानतळाऐवजी थेट अक्षांश-रेखांश दिले तरी चालतं. तीन-चार टप्प्यांचा प्रवास असेल तर कोड रेघेने जोडत जायचे. दोन वेगळे मार्ग एकाच नकाशावर हवे असतील तर मधे स्वल्पविराम. अंतर सुरुवातीला मैलांत दिसतं, ते किलोमीटर किंवा सागरी मैलांत बदलता येतं. वरच्या जोडीसाठी ते ९,५३७ मैल, म्हणजे ८,२८८ सागरी मैल, म्हणजेच १५,३४९ किलोमीटर.

एककाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल बरोबर १.८५२ किलोमीटरचा. विमानाचा पल्ला नेहमी सागरी मैलांत सांगतात आणि बातमीत येईपर्यंत त्यातला ‘सागरी’ गळून पडतो. एअरबस ए३५०-९०० यूएलआर या खास अतिलांब पल्ल्याच्या विमानाचा पल्ला ९,७०० सागरी मैल आहे, म्हणजे सुमारे १८,००० किलोमीटर. हेच साधे मैल समजून रूपांतर केलं तर १५,६१० किलोमीटर होतात. २,३५० किलोमीटरची चूक झाली आणि विमान सिंगापूरहून न्यूयॉर्कला जेमतेम पोचेल असं वाटायला लागलं. पल्ल्याचं वर्तुळ काढायची सोयही या साधनात आहे: आकडा, त्याला चिकटून एकक, मग ॲट द रेटची खूण आणि विमानतळाचा कोड. इथे एनएम (सागरी मैल) ऐवजी एमआय (साधे मैल) लिहिलंत तर वर्तुळ खूपच आक्रसेल आणि चूक लक्षातही येणार नाही. शिवाय हे वर्तुळ बरोबर काढलं तरी त्याच्या कडेवरच्या प्रत्येक गावी विमान उतरू शकेल असं नाही. जाहीर केलेला पल्ला ठरावीक वजन आणि शांत हवा धरून काढलेला असतो.

नकाशाबद्दल. चांगीहून जेएफकेसाठी निघतानाची दिशा सुमारे ३५७ अंश, म्हणजे जवळजवळ सरळ उत्तर. रेघ चीन, मंगोलिया, सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवापासून सुमारे २८० किलोमीटरवरून जाते आणि कॅनडावरून खाली उतरते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर हा मार्ग नीट दाखवताच येत नाही, कारण मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुव बसत नाही. म्हणून इतक्या लांबच्या जोडीसाठी नकाशाचा प्रकार बदलून ऑर्थोग्राफिक घ्या, म्हणजे पृथ्वीचा गोल जसा दिसतो तसा. किंवा एका विमानतळाला मध्यावर ठेवणारा अझिम्युथल इक्विडिस्टंट घ्या. त्यात मध्यापासून निघणारा प्रत्येक सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेघ दिसतो आणि मध्यापासूनची अंतरं प्रमाणात असतात. तक्त्यातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली आणि फक्त निघतानाची असते, हे लक्षात असू द्या. ग्रेट सर्कलवर दिशा सतत बदलत जाते. सिंगापूरहून उत्तरेकडे निघालेलं विमान न्यूयॉर्ककडे उतरताना दक्षिणेकडे तोंड करून असेल.

तीन आकडे कुठून आले

पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. जीपीएस ज्या प्रमाणावर चालतं त्या डब्ल्यूजीएस-८४ नुसार विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५६.७५२. ग्रेट सर्कल मॅपर हा चपटेपणा धरून हिशेब करतं, म्हणून त्याचं उत्तर १५,३४९. ज्या साइट पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल मानतात त्यांचं उत्तर १५,३४०. गूगल मॅप्सच्या प्रोग्रामिंगच्या सोयीत अंतर काढताना मुळात ६,३७८.१३७ ही विषुववृत्ताची त्रिज्या धरलेली असते, त्यामुळे त्यावर बांधलेल्या साइट १५,३५७ दाखवतात. म्हणजे नुसत्या उत्तरावरून आत कोणता हिशेब चालला आहे हे ओळखता येतं. या जोडीसाठी फरक आठ-नऊ किलोमीटरचा, म्हणजे शेकडा ०.०६. गोल धरल्याने होणारी चूक शेकडा अर्ध्यापर्यंत जाऊ शकते, आणि ती दिशेवर अवलंबून असते. ध्रुवावरून जाणारा मार्ग आणि विषुववृत्ताला समांतर जाणारा मार्ग यांत चूक सारखी नसते.

हे घरच्या घरी तपासायचं असेल तर स्प्रेडशीट पुरते. चांगीचे अक्षांश-रेखांश उत्तर १.३५९२, पूर्व १०३.९८९४, जेएफकेचे उत्तर ४०.६३९८, पश्चिम ७३.७७८९. सगळे अंश आधी रेडियनमध्ये बदला. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाची कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. बेरीज उणे ०.७४२५८ येते. तिची व्यस्त कोसाइन २.४०७७ रेडियन, म्हणजे १३७.९५ अंश. त्याला ६,३७१ ने गुणा: १५,३४० च्या आसपास.

यात चुका ठरलेल्या आहेत. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं तर जेएफके जाऊन पडतं किर्गिझस्तानात, आणि अंतर येतं ५,३२१ किलोमीटर. आकडा इतका सभ्य दिसतो की शंका येत नाही. दुसरी चूक: ४० अंश ३८ मिनिटं हे दशांशात ४०.३८ असं लिहिणं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. या एका घोळात विमानतळ २८-२९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तिसरी, रेडियन न करता अंशच सूत्रात टाकणं. ती लगेच पकडली जाते, कारण उत्तराला काही अर्थच उरत नाही.

कोणतंही अंतर मोजणारं साधन पारखायला आमची आवडती जोडी इंडोनेशियातलं पालेम्बांग आणि कोलंबियातलं नेइव्हा ही आहे. कोड पीएलएम आणि एनव्हीए. पृथ्वीच्या बरोबर समोरासमोरच्या दोन बिंदूंपासून हे विमानतळ साधारण सहा किलोमीटरच काय ते हटले आहेत. विमानतळांच्या जोडीत याहून लांबचं काही सापडणं कठीण. आता गंमत अशी की चपट्या पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर २०,००३.९३ किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. ते ध्रुवांवरून जाणाऱ्या अर्ध्या फेरीइतकं. ६,३७१ त्रिज्येच्या गोलावर मात्र अर्धी फेरी २०,०१५ किलोमीटरची भरते. म्हणून जे साधन या जोडीला २०,००९ सारखा आकडा देईल, ते या पृथ्वीवर अस्तित्वात नसलेलं अंतर सांगत आहे. व्हिन्सेंटीच्या १९७५ च्या प्रसिद्ध सूत्राचीही इथे पंचाईत होते. चपट्या पृथ्वीवरचं अंतर ते फेरीफेरीने अचूक करत नेतं, पण समोरासमोरच्या बिंदूंजवळ या फेऱ्या उत्तरावर स्थिरावतच नाहीत, आणि ते सूत्र वापरणारी साइट एकतर रिकामी चौकट दाखवते किंवा काहीतरी भलतंच. यावर चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये पक्का तोडगा प्रसिद्ध केला. तो जिओग्राफिकलिब या मोफत संग्रहात आहे. मीटरमीटरचा प्रश्न असेल किंवा जोडी जवळजवळ समोरासमोरची असेल, तर मॅपर बाजूला ठेवून तेच वापरावं.

कोडचे घोळ

अंतर विमानतळाच्या एका ठरवलेल्या संदर्भबिंदूपासून मोजतात. तो धावपट्टीचं टोक नसतो, टर्मिनलचं दारही नसतं. वेगवेगळ्या याद्यांत हा बिंदू थोडा इकडेतिकडे असतो, त्यामुळे एखाद्या किलोमीटरच्या फरकावरून वाद घालू नये. पण विमानतळच हलला असेल तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०१९ मध्ये इस्तंबूलचा आयएसटी हा कोड अतातुर्क विमानतळावरून काळ्या समुद्राजवळच्या नव्या विमानतळाकडे गेला, आणि अतातुर्कला आयएसएल मिळाला. दोन्हींमध्ये ३० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दोहाचा डीओएच २०१४ मध्ये हमद विमानतळाकडे गेला आणि जुन्याला डीआयए मिळाला. जुनी यादी कुरवाळत बसलेली साइट आजही आयएसटी म्हणून अतातुर्कपासून मोजत असेल. तपासणं सोपं आहे: तक्त्यातले अक्षांश-रेखांश पाहायचे. मॅपर ते न मागता समोर ठेवतं, आणि आमच्या मते त्याच्यावर भरवसा ठेवायचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. नुसतं अंतर देऊन मोकळ्या होणाऱ्या साइटवर ही पडताळणी करताच येत नाही.

शहराच्या नावाने शोधू नका, कोडनेच शोधा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. पहिल्याचा कोड एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. लंडन कॅनडाच्या ऑन्टारियोतही आहे, वायएक्सयू. एनवायसी किंवा एलओएन असे शहराचे कोडही टाळावेत, कारण ते एका विमानतळाचे नसतात. सिंगापूरपासून न्यूयॉर्कशेजारचा न्यूअर्क विमानतळ १५,३४४ किलोमीटरवर आहे आणि जेएफके १५,३४९. इथे पाचच किलोमीटरचा प्रश्न आहे. छोट्या मार्गावर हाच फरक टक्क्यांत बराच मोठा दिसतो.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

मॅपरचा आकडा म्हणजे कमीत कमी अंतर. त्याहून कमी उडून विमान पोचू शकत नाही, जास्त नेहमीच उडतं. किती जास्त, हे मार्गामार्गावर बदलतं, आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये न्यूअर्कची थेट सेवा पुन्हा सुरू करताना प्रवासाचं अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ १८ तास ४५ मिनिटांपर्यंत सांगितली. ग्रेट सर्कलपेक्षा हे जवळपास ९ टक्के जास्त. उलट ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी जे चाचणी उड्डाण केलं त्याचं अंतर सुमारे १६,२०० किलोमीटर सांगितलं गेलं. मॅपर या जोडीला १६,०१३ दाखवतं, म्हणजे जादा अंतर एक टक्का आणि थोडं वर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन ते सिडनी चाचणी झाली: ग्रेट सर्कल १७,०१६, उड्डाण सुमारे १७,८०० किलोमीटर, वेळ १९ तास १९ मिनिटं. इथे वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास. न्यूयॉर्क-सिडनी मार्गाचा बराचसा भाग मोकळ्या पॅसिफिकवरून जातो. लंडनहून निघालेल्या विमानाला देशांमागून देशांची हद्द पार करावी लागते. सिंगापूर-न्यूयॉर्कच्या सरळ रेषेत ध्रुव येतो, आणि वाऱ्याचा फायदा भलतीकडेच असतो.

वारा हे सगळ्यांत मोठं कारण. उत्तर गोलार्धात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान म्हणूनच बऱ्याचदा पॅसिफिकवरून, वारा पाठीशी घेत जातं. उड्डाणाचं नियोजन करणारे डिस्पॅचर जमिनीवरचं अंतर पाहून मार्ग निवडत नाहीत. शांत हवेत तेवढ्याच वेळात किती अंतर कापलं असतं, ते पाहतात. उदाहरण घेऊ. हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर. एक मार्ग १६,००० किलोमीटरचा, पण सरासरी ६० किलोमीटरचा वारा पाठीशी: १६,००० गुणिले ९०० भागिले ९६०, म्हणजे शांत हवेतले १५,००० किलोमीटर. दुसरा मार्ग सरळ १५,३४९ किलोमीटरचा, पण समोरून २० किलोमीटरचा वारा: तो भरतो सुमारे १५,७०० किलोमीटर. नकाशावर ६५० किलोमीटरने लांब असलेला मार्ग इंधनाच्या हिशेबात ७०० किलोमीटरने जवळचा ठरला. ग्रेट सर्कल मॅपरला वारा माहीत नाही, आणि ते तसा आवही आणत नाही.

ध्रुवावरून जायलाही अटी असतात. साधारण ८२ अंश उत्तरेच्या पलीकडे विषुववृत्ताच्या वर एकाच जागी स्थिर असलेले संपर्क उपग्रह दिसत नाहीत, तिथे लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर भिस्त ठेवावी लागते. सौर वादळात तोही बिघडतो, शिवाय किरणोत्साराचा प्रश्न येतो, आणि कंपन्या मार्ग दक्षिणेकडे सरकवतात. जेट ए इंधन उणे ४० अंश सेल्सिअसला आणि जेट ए-१ उणे ४७ ला गोठू लागतं, म्हणून टाकीतल्या तापमानावर नजर ठेवावी लागते. वाटेत उतरता येण्याजोगे विमानतळही मोजकेच. एक इंजिन बंद पडलं तर पर्यायी विमानतळ जास्तीत जास्त किती मिनिटांवर असावा, ही मर्यादा म्हणजे ईटॉप्स. मॅपरमध्ये ईटॉप्सची मिनिटं आणि वेग टाकला तर कोणता भाग पर्यायी विमानतळांपासून फार दूर पडतो ते नकाशावर दिसतं. ध्रुवीय आणि दक्षिण गोलार्धातल्या मार्गांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

मग हवाई हद्दी. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि हेलसिंकी-टोकियो या सुमारे ८,००० किलोमीटरच्या, नऊ तासांच्या प्रवासाचे सुमारे १२,९०० किलोमीटर आणि तेरा तास झाले. एप्रिल २०२४ मध्ये पर्थ ते लंडन हे १४,४९९ किलोमीटरचं थेट उड्डाण इराणची हद्द टाळण्यासाठी काही काळ सिंगापूरला इंधन भरायला थांबवावं लागलं. लंडनहून पर्थला परतणारं उड्डाण मात्र वारा पाठीशी असल्याने थेटच चालू राहिलं. दोन्ही वेळी मॅपरच्या आकड्यात एका किलोमीटरचाही फरक पडला नाही, कारण विमानतळ जागच्या जागी होते.

यावर अर्धामुर्धा उपाय साधनातच आहे. विमान जिथून वळसा घेतं तिथल्या विमानतळाचा कोड मधे घालायचा आणि बेरीज पाहायची. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२०० एलआर विक्रमी उड्डाणात हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून लंडनला उतरलं: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. एचकेजी-एलएचआर टाकलं तर मॅपर सुमारे ९,६०० किलोमीटर दाखवतं, कारण जवळची बाजू पश्चिमेकडची. मधे एलएएक्स (लॉस एंजेलिस) आणि जेएफके घातले की मगच त्या उड्डाणाची रेघ दिसायला लागते. विक्रमाचं अंतर अर्ध्या पृथ्वीपेक्षा जास्त कसं, याचं उत्तर त्या रेघेत आहे. प्रत्यक्ष उडलेलं अंतर हवं असेल तर फ्लाइटअवेअरवर झालेल्या उड्डाणाचं पान उघडा. तिथे सरळ, नियोजित आणि प्रत्यक्ष असे तीन आकडे शेजारी शेजारी मिळतात. एकाच दिवसाचा आकडा घेऊ नका. हिवाळा आणि उन्हाळा, जाणं आणि येणं, असे वेगवेगळे पाहा.

वेळेबद्दल आम्ही कडक आहोत. अंतरावरून उड्डाणाची वेळ सांगणाऱ्या साइट सहसा ताशी ५०० मैल धरतात आणि वर ३० मिनिटं मिळवतात. सिंगापूर-जेएफकेसाठी याचं उत्तर १९ तास ३४ मिनिटं. ए३५० ज्या माक ०.८५ ने (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) उडतं तो वेग वरच्या थंड हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो, त्याने भागलं तर १७ तास. खरी वेळ या दोन्हींच्या मधे कुठेतरी. छोट्या अंतरावर तर फरक आणखी बोलका. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ११०० च्या वर, वाऱ्याचा प्रताप. मॅपरमध्ये वेगाची चौकट आहे, पण वेग तुम्हीच टाकायचा असतो आणि ते फक्त भागाकार करून देतं. हे प्रामाणिक आहे. खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा हे कधीही बरं.

उणिवा सांगायच्या तर मांडणी जुन्या वळणाची आहे. नकाशा म्हणजे स्थिर चित्र. बोटाने सरकवता येत नाही, मोठा करायला पुन्हा काढावा लागतो. फोनवर तक्ता बारीक दिसतो. स्वल्पविराम आणि रेघेची अदलाबदल झाली तर चूक न दाखवता भलताच नकाशा निघतो, म्हणून बेरजेआधी प्रत्येक टप्पा तक्त्यात वाचून घ्यावा. नकाशाचं चित्र दुसरीकडे छापायचं तर साइटचा उल्लेख करावा लागतो, आणि ते रास्तच आहे.

कुठल्या कामाला कोणता आकडा

कार्बनचा हिशेब करणारे ग्रेट सर्कलचं अंतर घेतात, पण त्यात काहीतरी मिळवून. इकाओच्या पद्धतीत ५,५०० किलोमीटरच्या वरच्या मार्गाला १२५ किलोमीटर मिळवतात, ५५० ते ५,५०० मध्ये १०० आणि त्याखाली ५०. युरोपच्या उत्सर्जन व्यापारात, म्हणजे कार्बन परवान्यांच्या खरेदी-विक्रीच्या योजनेत, सरसकट ९५ किलोमीटर. ब्रिटिश सरकारच्या उत्सर्जन मोजायच्या गुणकांत ८ टक्के. आमच्या मते अतिलांब मार्गांसाठी टक्क्यांची पद्धतच प्रत्यक्षाच्या जवळ जाते: १५,३४९ मध्ये १२५ मिळवून १५,४७४ होतात, आठ टक्क्यांनी १६,५७७, आणि कंपनी न्यूअर्कसाठी सांगते १६,७००. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी दोन्हींतली वाढ काढून टाका.

मैल जमा होणाऱ्या योजनांत आणि भाडं ठरवताना आयाटाचे तिकीट-बिंदूंमधले मैल वापरतात. ते साधे मैल असतात आणि मॅपरच्या आकड्यापेक्षा थोडे वेगळे निघू शकतात. तिथे मॅपरचं उत्तर दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

युरोपातल्या भरपाईसाठी मात्र मॅपरचा आकडाच कामाचा. उड्डाण रद्द किंवा उशीर झाल्यास भरपाई देणाऱ्या २६१/२००४ या नियमात अंतर ग्रेट सर्कल पद्धतीनेच मोजायचं असं लिहिलेलं आहे: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, आणि युरोपीय संघाबाहेरच्या मार्गांवर १,५०० ते ३,५०० मध्ये ४०० आणि ३,५०० च्या वर ६०० युरो. वाटेत विमान बदलायचं असेल तर टप्प्यांची बेरीज करू नका. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बर्गला जाणाऱ्या प्रवाशांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं. टप्प्याटप्प्याने १,६५६ किलोमीटर भरत होते, सरळ अंतर १,३२६, आणि भरपाई १,३२६ वर धरली गेली. अर्जासाठी मॅपरमध्ये पहिला आणि शेवटचा असे दोनच कोड टाका, एकक किलोमीटर ठेवा, आणि त्या तक्त्याचं चित्र अर्जाला जोडा.